डाळिंबाची छाटणी आणि झाडावरचा माल : आटपाडीकडच्या नव्या बागायतदारांसाठी

टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आटपाडी तालुक्यात फिरलं, शेततळी झाली आणि नवी माणसं डाळिंबाकडे वळली. कुणी गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा धंदा पोरांवर सोपवून गावी परतलंय, कुणी विट्यात नोकरी करून शनिवार-रविवारी रानात येतंय. लागवड, ठिबक, शेणखत इथवर सगळं नीट होतं. अडचण येते ती दोन वर्षांनी, पहिला बहार, म्हणजे फुला-फळांचा हंगाम धरायच्या वेळी. कात्री हातात घेऊन झाडासमोर उभं राहिलं की काय कापायचं आणि काय ठेवायचं, हेच कळत नाही. मग एकतर हात आखडतो, नाहीतर टोळी येते आणि दिवसभरात बाग भादरून जाते.

हा लेख अशा नव्या माणसांसाठी आहे. माझं म्हणणं एवढंच की छाटणी आणि झाडावरचा माल ही दोन वेगळी कामं समजू नका. झाडाला किती फळं पोसता येतील ते आधी ठरवायचं, त्या हिशेबानं लाकूड ठेवायचं आणि पुढं सेटिंग झाल्यावर, म्हणजे कळीचं फळ धरल्यावर, फळं मोजून जादाची काढायची. छाटणी बहुतेक जण करतात. मोजणी फार थोडे करतात, आणि बाग तिथंच मागं पडते. पुढचं सगळं भगवा वाण, १५ बाय १० फुटांवर लागवड, म्हणजे एकरी साधारण २९० झाडं आणि ठिबक, असं धरून लिहिलं आहे.

आधी झाड बघायला शिका

डाळिंबाला कळी कुठं येते हे माहीत असल्याशिवाय कात्री लावू नका. मागच्या हंगामात पक्व झालेल्या काडीवर जे आखूड, बोटभर फुटवे असतात, त्यांच्या टोकाशी आणि बगलेत कळी येते. यंदाच सरळ वर धावलेल्या कोवळ्या, हिरवट, चौकोनी काडीला कळी येत नाही, आली तर टिकत नाही. म्हणून झाडाजवळ जाऊन एकच फांदी हातात धरा आणि बुडापासून शेंड्यापर्यंत बघत जा. बुडाशी जाड, करड्या सालीचं लाकूड. त्याच्या पुढं पेन्सिलीएवढी काडी, तिच्यावर दोन्ही बाजूंना आखूड फुटवे आणि काटे. सगळ्यात शेवटी बारीक, लवचीक शेंडा. चांगलं फळ मधल्या भागात लागतं. शेंड्यावरचं फळ लटकतं, वाऱ्यानं घासतं, उन्हात भाजतं आणि आकारानंही मागं राहतं. एवढं नीट बघितलं की छाटणी निम्मी समजली.

आपल्याकडे झाड एका खोडावर ठेवत नाहीत, तीन-चार खोडं ठेवतात. खोडकिडा किंवा मर (झाड वाळवणारा रोग) लागून एक खोड गेलं तरी बाकीच्यांवर झाड उभं राहतं. या खोडांचा पुढं मोजणीलाही उपयोग होतो.

बहार कोणता धरायचा

यावर वेगळा लेख होईल, त्यामुळे थोडक्यात सांगतो. मृग बहाराला पावसाचं पाणी मिळतं, पण फळ नेमकं दमट हवेत झाडावर असतं आणि तेल्याचा, म्हणजे काळे डाग पाडणाऱ्या जिवाणूंच्या रोगाचा धोका सगळ्यात जास्त. हस्त बहाराची कळी सप्टेंबर-ऑक्टोबरात निघते आणि माल फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतो. फळ कोरड्या हवेत पोसतं, मात्र ऐन ताणाच्या (पाणी तोडायच्या) वेळी पाऊस आला की भारी जमिनीत ताण बसत नाही. आंबे बहाराची कळी जानेवारी-फेब्रुवारीत. ताण हमखास बसतो, पण भर उन्हाळ्यात पाणी लागतं. तुमची जमीन मुरमाड आहे की काळी आणि मे महिन्यात तुमच्याकडे पाणी किती असतं, हे दोन प्रश्न स्वतःला विचारा आणि एकच बहार धरा. वर्षात दोन बहार घ्यायचा मोह कितीही झाला तरी नको.

हत्यारं

चांगली सिकेटर (छाटणीची कात्री), जाड फांदीसाठी लहान वाकडी करवत, फळं विरळायला टोकदार लहान कात्री आणि हातमोजे. स्वस्तातली सिकेटर घेऊ नका. ती लाकूड कापत नाही, चेचते, आणि चेचलेली जखम लवकर भरत नाही.

तेल्याचे जिवाणू कात्रीवरून एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. म्हणून प्रत्येकाच्या कमरेला सोडियम हायपोक्लोराईटच्या द्रावणाची बाटली हवी आणि झाड बदललं की पातं त्यात बुडलं पाहिजे. काम करणारी माणसं कंटाळतात, दोन ओळींनंतर विसरतात. तुम्ही स्वतः बरोबर असाल तरच हे होतं. दोन सिकेटर ठेवल्या तर सोपं जातं : एक बुडवलेली, एक हातात. संध्याकाळी पाती धुऊन तेल लावा, कारण या द्रावणानं लोखंड गंजतं.

छाटणी सहसा उक्ती दिली जाते, झाडामागं अमुक पैसे. माझं मत साफ आहे : पहिली दोन वर्षं तरी रोजानं करून घ्या. उक्त्या कामात माणूस झाडाकडे बघत नाही, पुढच्या झाडाकडे बघतो.

पहिली छाटणी : माल निघाल्यावर

मुख्य छाटणी ही. शेवटचा तोडा झाल्यावर पंधरा-वीस दिवसांत ती उरकावी, म्हणजे झाडाला विश्रांतीच्या काळात नवं, कामाचं लाकूड तयार करायला वेळ मिळतो. पाऊस चालू असेल किंवा झाडं ओली असतील तर थांबा, उघडीप बघून कात्री लावा.

सुरुवात बुडापासून करायची. जमिनीतून आणि खोडाच्या तळातून आलेले फुटवे मुळाशी काढून टाका. एखादं खोड कमजोर असेल किंवा गेलं असेल, तर त्या बाजूचा एक जोमदार फुटवा राखायचा, तोच उद्याचं खोड. मग जमिनीपासून दीड-दोन फुटांपर्यंतच्या सगळ्या आडव्या फांद्या काढा. खाली टेकलेल्या फांदीचं फळ मातीनं माखतं, पावसाचा शिंतोडा उडाला की रोग वर चढतो, शिवाय खोडाची तपासणीच करता येत नाही.

खोड मोकळं झालं की गुडघ्यावर बसून ते सगळ्या बाजूंनी बघा. टाचणीनं टोचल्यासारखी भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर तो खोड भुंगेरा. ती फांदी किंवा खोड निरोगी लाकडापर्यंत कापून त्याच दिवशी बागेबाहेर नेऊन जाळा. चुलीला होतील म्हणून छाटलेली लाकडं बांधावर रचून ठेवायची आपल्याकडे सवय आहे. ती मोडा. त्याच ढिगातून किडा परत बागेत येतो.

आता झाडाच्या आत शिरा. वाळलेल्या, तेल्याचे काळे चट्टे पडून चिरलेल्या फांद्या आधी. चट्ट्याच्या खाली वीतभर चांगलं लाकूड धरूनच काप घ्यायचा. मग वॉटरसूट, म्हणजे आतल्या जाड फांदीवरून छडीसारखे सरळ आभाळाकडे गेलेले फुटवे. हे झाडाचं अन्न खातात आणि सावली करतात. त्यानंतर एकमेकांवर चढलेल्या, घासणाऱ्या फांद्या. दोनपैकी कोणती ठेवायची असा प्रश्न पडला की बाहेरच्या दिशेनं जाणारी ठेवा, आत वळलेली काढा. झाडाचा मधला भाग उघडा पाहिजे. उंची सहा-सात फुटांवर राखा. हात पोहोचत नाही तिथलं फळ तुम्ही विरळणार नाही, त्याच्यावर फवारणीही धड बसणार नाही.

काप कसा घ्यायचा, हे एकदा नीट बघून घ्या. फांदी जिथं मोठ्या फांदीला मिळते तिथं सालीची थोडी फुगीर कड असते. त्या कडेच्या अगदी बाहेरून कापायचं. खुंटी ठेवली तर ती वाळत आत जाते आणि किडीला वाट होते. कडच कापून टाकली तर जखम भरत नाही. अंगठ्याहून जाड फांदी असेल तर करवत आधी खालच्या बाजूनं थोडी चालवा आणि मग वरून कापा, नाहीतर फांदी स्वतःच्या वजनानं साल सोलत खाली येते.

एका वेळी झाडाच्या पसाऱ्याच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त काढू नका. जास्त काढलं की झाड चिडल्यासारखं वॉटरसूट फेकतं आणि कळी राहते बाजूला. पुरेसं झालं का, हे तपासायची सोपी रीत आहे. दुपारी बाराच्या उन्हात झाडाखाली जमीन बघा. सावलीत उन्हाचे कवडसे विखुरलेले दिसले की बास. जमीन पूर्ण काळोखी असेल तर अजून काढायचं आहे. ऊनच ऊन दिसत असेल तर कात्री खिशात घाला, कारण त्या झाडावरची फळं उन्हाळ्यात भाजणार.

मोठ्या जखमांना त्याच दिवशी १० टक्के बोर्डो पेस्ट लावा : १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. खोडांनाही तळापासून दोन फुटांपर्यंत लावून घ्या. मग सगळ्या बागेवर १ टक्का बोर्डो फवारा. मोरचूद आणि चुना तेवढेच, पाणी १०० लिटर. दोन्ही द्रावणं प्लॅस्टिकच्या भांड्यांत वेगवेगळी करून मग एकत्र करायची, लोखंडी पिंप वापरायचं नाही. तयार द्रावणात स्वच्छ घासलेला विळा बुडवून बघा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, अजून घाला.

विश्रांती, ताण, पानगळ

छाटणीनंतर दोन-तीन महिने झाडाला खाऊ-पिऊ घाला. शेणखत, माती परीक्षणाप्रमाणे खतं, बेताचं पाणी. या काळात जी काडी पिकते, तीच पुढचा माल धरते. विश्रांती न देता लगेच बहार धरणारे लोक दोन वर्षं पैसे करतात आणि तिसऱ्या वर्षी बागेतली झाडं वाळताना बघतात.

मग पाणी तोडायचं. हलक्या जमिनीत महिनाभर, भारी जमिनीत दीड महिना किंवा थोडं जास्त. खालची पानं पिवळी पडून गळायला लागली की ताण बसला. उरलेली पानं पाडायला इथेफॉन, आपल्याकडे सगळे इथ्रेलच म्हणतात, डीएपी खताबरोबर फवारतात. प्रमाण झाडाकडे बघून ठरतं. ताण चांगला बसून निम्मी पानं पिवळी असतील तर लिटरला १ मिलीच्या आसपास पुरतं, पानं हिरवीगार असतील तर वाढवावं लागतं. शेजाऱ्यानं अडीच मिली मारलं म्हणून आपणही मारायचं नाही. प्रमाण जास्त झालं की काड्या शेंड्याकडून वाळत येतात आणि फूट लांबते. पहिल्यांदा करताना तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याला किंवा सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या तज्ज्ञाला विचारूनच करा. हे केंद्र २००५ साली सुरू झालंय आणि आपल्यापासून काही तासांवर आहे.

पडलेली पानं वेचून बागेबाहेर काढा. तेल्याचा मोठा साठा त्यांच्यातच असतो.

दुसरी छाटणी : फक्त शेंडे

पानं गळाली की झाडाचा सांगाडा उघडा दिसतो. नव्या माणसाला छाटणी शिकायला यासारखी वेळ नाही. नवे डोळे फुटायच्या आत, म्हणजे चार-सहा दिवसांत हे काम संपवायचं.

मुख्य छाटणी आधीच झाल्यामुळे इथं मोठं काहीच कापायचं नाही. पेन्सिलीपेक्षा बारीक शेंडे टोकाकडून वीतभर मागं घ्यायचे, बस्स. एकाच जागी तीन-चार काड्या गर्दी करून असतील तर त्यातल्या एक-दोन मुळाशी काढा. जिथं फळ लटकेल असं वाटतं, तिथले मोठे काटेही उडवा. वाऱ्यात काटा फळाला ओरखडे काढतो आणि डागी फळ म्हणून भाव पडतो. आखूड फुटव्यांना मात्र हात लावायचा नाही. अननुभवी टोळी झाड ‘साफ’ दिसावं म्हणून नेमके तेच खरडते, आणि मग कळी का निघाली नाही म्हणून औषधांच्या दुकानात चकरा सुरू होतात.

आता ओझ्याचा पहिला हिशेब. झाडावर ७० फळं धरायची असतील आणि चार खोडं असतील, तर प्रत्येक खोडावर १७-१८ फळं आली. एवढी फळं पोसायला प्रत्येक खोडावर पेन्सिलीएवढ्या किंवा जाड, फुटवे असलेल्या पंधरा-वीस काड्या पुरेत. त्यापेक्षा कितीतरी जास्त दिसत असतील तर अजून विरळा. एखाद्या खोडावर काड्याच कमी असतील तर त्याच्यावर कमी फळं ठेवायची, हे आत्ताच मनाशी पक्कं करा.

यानंतर खत आणि पहिलं पाणी. पहिलं पाणी हलकं, पुढची हळूहळू वाढवत. तहानलेल्या झाडाला एकदम भरपूर पाणी दिलं की नुसती पालवी फुटते आणि कळी गळते.

कळी ओळखणं

पाणी सुटल्यापासून तीन-चार आठवड्यांत लाल कळ्या दिसू लागतात. बाग लाल झाली की आनंद होतो, पण त्यातल्या बऱ्याच कळ्या नर असतात. एक कळी आडवी धरून देठाच्या बाजूनं बघा. मादी कळीचं बूड फुगीर, गोलसर असतं, आणि त्याच्यावर जरा आवळलेला गळा. पाकळ्या उघडल्या की मधोमध जाड स्त्रीकेसर केसरांच्या पातळीला किंवा वर आलेला दिसतो. नर कळी घंटेच्या आकाराची, देठाकडे निमुळती होत जाते, तिचं बूड भरलेलं नसतं. नर कळ्या आपोआप गळतात. झाडाखाली त्यांचा सडा पडला म्हणून घाबरून टॉनिकं मारू नका.

फुलोऱ्यात मधमाश्या हव्यात. एकरी एक-दोन पेट्या ठेवता आल्या तर सेटिंग चांगलं होतं. या दिवसांत कीटकनाशक शक्यतो टाळा. मारावंच लागलं तर मधमाश्या घरी गेल्यावर, संध्याकाळी.

पहिल्या दोन लाटांतली मादी कळी सोन्याची. तिचं फळ मोठं होतं आणि सगळा माल एका वयाचा राहतो. ठरलेल्या संख्येपेक्षा थोडी जास्त फळं बसली की पुढं निघणाऱ्या कळ्या तोडत राहायच्या. तसं केलं नाही तर एकाच झाडावर कळी, सुपारी, लिंबू आणि पेरूएवढं फळ एकदम दिसतं. मग फवारणी कुणाच्या वयाला धरून करायची? तोडा दोन महिने लांबतो, व्यापारी चार वेळा येतो आणि प्रत्येक वेळी भाव पाडून मागतो.

किती फळं ठेवायची

इथं सगळ्यांचा हात थरथरतो. झाडावर दीडशे फळं दिसत असताना त्यातली निम्मी स्वतःच्या हातानं तोडायची, हे जीवावर येतं. म्हणून आधी कागदावर हिशेब करा. ३०० ग्रॅमची ६० फळं म्हणजे १८ किलो. १५० ग्रॅमची १२० फळं म्हणजेही १८ किलोच. वजन सारखं, पण सौद्यात दोन्ही क्रेट शेजारी ठेवले की पहिल्याला भाव मिळतो आणि दुसरा ज्यूसवाल्याकडे जातो. १२० फळांचं बी पोसताना झाडाची ताकद मात्र कितीतरी जास्त जाते, आणि फवारणी, काढणी, प्रतवारीचा खर्चही वाढतो.

माझा अंदाज असा आहे. दोन वर्षं पूर्ण झालेल्या झाडावर पहिल्या बहाराला २०-२५ फळं, त्याहून एकही जास्त नाही. तिसऱ्या वर्षी ४०-५०. चौथ्या वर्षापासून ६०-८०. खूप जोमदार, चार खोडांच्या, जुन्या झाडावर १०० पर्यंत. अडीचशे-तीनशे ग्रॅम सरासरी धरली तर ७० फळांचे १८-२० किलो होतात आणि २९० झाडांचे साडेपाच टनांच्या आसपास. एकरी हे उत्पन्न चांगलंच आहे.

सगळ्या झाडांना एकच आकडा लावायचा नाही. बांधाकडचं, मुरमातलं झाड आणि मधल्या खोल मातीतलं झाड यांची ताकद वेगळी. झाडाच्या नव्या फुटी वीत-दीड वीत वाढलेल्या आणि पानं गडद हिरवी असतील तर वरचा आकडा घ्या. फूट बोटभरच असेल, पानं फिकी असतील, मागच्या वर्षी ओझ्यानं फांदी वाळली असेल तर निम्म्यावर या. मर लागलेल्या झाडाच्या शेजारच्या झाडांवरही कमीच ठेवा.

विरळणीच्या दोन फेऱ्या

पहिली फेरी फळ सुपारीएवढं झालं की. फळाचा आकार किती होणार ते बऱ्याच अंशी सुरुवातीच्या आठवड्यांत ठरतं, म्हणून उशिरा केलेल्या विरळणीचा फायदा अर्धाच मिळतो. या फेरीत ठरलेल्या आकड्यापेक्षा पाचवा हिस्सा जास्त फळं ठेवा, कारण पुढं थोडी गळ होतेच. दुसरी फेरी लिंबाएवढं फळ झाल्यावर, तेव्हा आकड्यावर यायचं. त्यानंतर फक्त डागी, चिरलेली आणि किडकी काढत राहायची.

काय काढायचं याचा क्रम ठेवा. सगळ्यात आधी तेल्याचा ठिपका असलेलं आणि भोक पडलेलं फळ. ते जमिनीवर टाकायचं नाही, पिशवीत घालून बाहेर नेऊन पुरायचं किंवा जाळायचं. मग जोडफळं आणि गुच्छ. डाळिंब दोन-तीन एकत्र येतं आणि फळं एकमेकांना चिकटून वाढतात. त्या फटीत पिठ्या ढेकूण लपतो, फळ पोखरणारी अळीही तिथूनच आत शिरते आणि फवारा तिथं पोहोचत नाही. गुच्छातलं सगळ्यात मोठं, सरळ, भरल्या बुडाचं एक ठेवा, बाकीची काढा. हात न कचरता. मग बारीक शेंड्यावरची, जाड फांदीला किंवा काट्याला टेकलेली, वेडीवाकडी आणि सगळ्यांत मागून आलेली लहान फळं.

ठेवायचं फळ कसं असावं? एका फुटव्यावर एक, खाली लोंबणारं, वर पानांची सावली, शेजारच्या फळापासून वीतभर लांब, आणि ज्या काडीवर आहे ती त्याचं वजन पेलेल अशी.

फळ ओढून तोडू नका. ओढलं की आखूड फुटवाच सालीसकट निघतो, म्हणजे पुढच्या वर्षीची कळीही गेली. लहान कात्रीनं देठ कापा. या कामाला बायकांचा हात चांगला असतो, पण त्यांना ‘विरळणी करा’ एवढंच सांगून भागत नाही. आधी एक झाड त्यांच्यासमोर स्वतः करून दाखवा, मावशी, हे ठेवायचं, हे काढायचं, आणि शेवटी किती राहिली ते सगळ्यांनी मिळून मोजा.

मोजायचं खोडानुसार. एक खोड धरा, खालून वर मोजत जा, आकडा मोठ्यानं बोला, मग पुढचं खोड. सगळी बाग मोजायची गरज नाही. प्रत्येक ओळीतली दोन-तीन झाडं, एक बांधाजवळचं आणि एक मधलं, मोजून वहीत लिहा. त्यावरून टोळीचा हात जड पडतोय की हलका, ते दुपारपर्यंत कळतं आणि उरलेल्या ओळींत सुधारता येतं. वहीत तारीख, ओळ, फळांची संख्या आणि पुढं तोड्याच्या वेळी त्याच झाडांचं वजन लिहिलंत, तर पुढच्या वर्षी आकडा कुणाला विचारावा लागत नाही.

माल पोसताना

लिंबाएवढ्या फळानंतर फांद्या वाकायला लागतात. तार-काठीचा किंवा बांबूचा आधार तेव्हाच द्या, फांदी फाटल्यावर नाही. सुतळी फांदीला आवळून बांधू नका, सैल फास ठेवा.

नैर्ऋत्येकडची फळं दुपारनंतरच्या उन्हानं भाजतात. त्या बाजूच्या फांद्या बांधून घेताना पानांचा पडदा फळावर येईल असं बघा. उन्हाळी मालाला वरून कापडाचं आच्छादन केलं तर खर्च वसूल होतो.

पाणी रोज किंवा दिवसाआड, पण नियमित. चार दिवस मोटर बंद आणि पाचव्या दिवशी भरपूर पाणी, असं झालं की पोसलेलं फळ तडकतं. आपल्याकडे लाईटचा भरवसा नसतो, म्हणून शेततळं नसलेल्यांनी माल अजून कमी धरावा. बोरॉन आणि कॅल्शियम कमी पडलं तरी तडकतं, ते माती आणि पानांच्या तपासणीवरून द्या.

वॉटरसूट याही काळात येत राहतात. कोवळे असतानाच, दर पंधरा दिवसांनी हातानं मोडा. लाकूड झाल्यावर कात्री लावावी लागते आणि माल असताना नव्या जखमा नकोत.

नवखी माणसं एक गोष्ट नेहमी विचारतात : विरळणी राहूनच गेली, फळ पेरूएवढं झालंय, आता काय? आकार आता फारसा वाढणार नाही, पण झाड वाचवायला तरी लहान आणि डागी फळं काढा. त्या झाडाला पुढची विश्रांती महिनाभर जास्त द्या आणि पुढच्या बहाराला निम्माच माल धरा.

तोडा

भगव्याला कळीपासून साडेपाच ते सहा महिने लागतात. फळाचा मुकुट आत वळतो, पोटावर कडा येऊन गोलाई थोडी चपटी होते, रंग एकसारखा गडद होतो. तोडतानाही ओढायचं नाही. देठ फळाला लागून कापा. देठाची खुंटी राहिली तर क्रेटमध्ये ती शेजारच्या फळात घुसते, आणि सहा महिने जपलेला माल आटपाडीच्या सौद्यावर पोहोचेपर्यंत डागी होतो. तोडलेली फळं जमिनीवर ढीग करून ठेवू नका, कागद घातलेल्या क्रेटमध्ये सावलीला ठेवा.

शेवटचा तोडा झाला की झाडावर चुकून राहिलेली, वाळलेली, चिरलेली फळं मागं सोडू नका. ती काढून जाळा, ठिबकच्या नळ्या तपासून घ्या आणि पंधरा दिवसांत कात्री घेऊन पुन्हा बुडापासून सुरुवात करा.